पुण्यातल्या मुस्लिम वस्त्यांमधलं मतदार-काम: यादी, प्रभाग आणि मधली चार वर्षं

यादीवाचक

मंडळी, नमस्कार. निवडणूक जाहीर झाली की कोंढव्यात, भवानी पेठेत, सय्यदनगरात पंधरा दिवस गडबड उडते. निकाल लागला की आठवडाभर चहाच्या टपरीवर पोस्टमॉर्टेम. पुढे चार-पाच वर्षं शुकशुकाट. कोणत्या पक्षाला मत द्यावं हा या धाग्याचा विषय नाही, त्यासाठी इतर धागे ओसंडून वाहताहेत. इथे कामाचं लिहू.

महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. आधीचं २०१७ चं. मध्ये मार्च २०२२ पासून प्रशासकच होता. आता लगेच मोठी निवडणूक समोर नाही, म्हणून यादीचं काम याच काळात करायचं.

यादी कोणाची, हे आधी पक्कं करा. लोकसभा-विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची. महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोग वेगळी नोंदणी करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला उचलतो आणि प्रभागांत फोडतो. जानेवारीच्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. ज्याचं नाव ऑगस्टमध्ये लागलं, त्याच्या हातात मतदार कार्ड होतं पण मत नव्हतं. 'कार्ड आहे तरी नाव नाही' या भांडणांतली बरीच इथूनच निघतात. प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत घेऊनही नवं नाव घालता येत नाही. चुकून शेजारच्या प्रभागात गेलेलं नाव परत आणता येतं, किंवा विधानसभेच्या यादीत असून फोडताना गळलेलं नाव घालता येतं. एवढंच.

आता वाचन. विधानसभेच्या यादीचे 'भाग' असतात, एका भागात साधारण हजार-बाराशे नावं. संकेतस्थळावरची पीडीएफ चित्ररूपात असते, त्यात नाव टाकून शोध लागत नाही. छापाच लागतो. एका पानावर तीस चौकटी, म्हणजे एका भागाला पस्तीस-चाळीस पानं. ती घेऊन घरोघर जायचं आणि प्रत्येक नावापुढे एकच अक्षर लिहायचं: 'आ' म्हणजे आहे, 'स्थ' म्हणजे स्थलांतरित, 'म' मयत, 'चू' तपशिलात चूक. यादीत नसलेली माणसं मागच्या कोऱ्या पानावर. लांबलचक फॉर्म छापून नेले की तिसऱ्या घरापर्यंत कार्यकर्ता कंटाळतो.

जोडीनं जा, जोडीत एक बाई असलीच पाहिजे. एका संध्याकाळी एका जोडीची वीस-पंचवीस घरं होतात. भागात अडीचशे-तीनशे घरं धरली तर तीन जोड्यांना चार-पाच संध्याकाळी लागतात. दुपारी गेलात तर पुरुष कामावर, आणि घरातल्या बाईला दिराचं नाव यादीत कसं लिहिलंय ते सांगता येत नाही. सहा ते नऊ ही वेळ बरी. रमजानात मात्र इफ्तार ते तरावीह या वेळात कुणाच्या दारात जाऊ नका, रविवारी सकाळी अकराला जा.

---

जुना_शिरस्तेदार

चांगला धागा. नावांच्या घोळावर लिहितो, कारण अर्ध्याहून जास्त डोकेदुखी तिथेच आहे.

महाराष्ट्रात यादी 'आडनाव, नाव, वडिलांचं नाव' अशी चालते. 'शेख इम्रान मेहबूब' एका भागात 'शेख' खाली लागतो. त्याच्या भावाचा अर्ज 'मोहम्मद इरफान' असा भरलेला असला, तर 'मोहम्मद' हेच आडनाव होऊन बसतं. मग महंमद, मोहमद, मुहम्मद, आणि नुसतं 'मो.'. सय्यद, सैय्यद, सैयद. बायकांची तऱ्हा आणखी वेगळी: शाळेच्या दाखल्यावर 'शबाना', आधारवर 'शबाना बेगम', यादीत 'शबानाबी'. संगणकानं इंग्रजीवरून मराठी केलं की 'खातून'चं 'कातून' होतं आणि ती बाई कुठल्याच शोधात सापडत नाही.

उपाय सोपे आहेत.

नावानं शोधू नका, कार्ड क्रमांकानं शोधा. तीन अक्षरं, सात अंक. जुन्या कार्डांचे क्रमांक वेगळ्या ठेवणीचे असतात, ती कार्डं असणाऱ्यांची वेगळी यादी करा.

दुरुस्तीला फॉर्म ८. पत्ता बदलला तरीही फॉर्म ८. फॉर्म ६ हा ज्याचं नाव कुठेच नाही त्याच्यासाठी. पेठांतून कोंढव्यात राहायला गेलेल्या कुटुंबांमध्ये हीच चूक सर्रास होते. नवं घर म्हणून नवा फॉर्म ६ भरतात, जुन्या पत्त्यावरचं नाव तसंच राहतं, आणि माणूस दोन ठिकाणी मतदार होतो. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही. वर अर्जात 'माझं नाव दुसरीकडे नाही' असं लिहून सही केलेली असते, ते खोटं निघालं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जानेवारीच्या मतदानात दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते आणि केंद्रावर हमीपत्र घेत होते. वस्तीत अफवा मात्र अशी की तारे म्हणजे 'संशयित'. तसं काही नाही.

तिसरं, घरातल्या सगळ्यांचा भाग एकच करून घ्या. नवरा एका शाळेत, बायको दीड किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रात, असं असलं की बायकोचं मत बुडालं समजा.

---

कोंढवेकरीण

@जुना_शिरस्तेदार, काका, पत्त्याच्या पुराव्याचं काय? आमच्याकडे गुंठेवारीतल्या इमारती आहेत, वीजबिल बिल्डरच्या नावावर, भाडेकरार नोटरीचा. बीएलओ (आमच्या भागाची यादी सांभाळणारे अधिकारी) म्हणतात नोंदणीकृत करारच हवा.

---

जुना_शिरस्तेदार

@कोंढवेकरीण, ताई, फॉर्मवर भाडेकरार नोंदणीकृतच मागितलाय, त्यात बीएलओची चूक नाही. पण तो एकच पुरावा नाही. वर्षभराचं पाणी-वीज-गॅसचं बिल, बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, आधार, पासपोर्ट, शेतजमिनीचा उतारा, नोंदणीकृत खरेदीखत, यांपैकी एक चालतं. सगळ्यांत सुटसुटीत म्हणजे बँकेचा पत्ता आधी बदलून घेणं. महिन्याभरात होतं. यांतलं काहीच नसेल तर अर्ज नाकारायचा नसतो, जागेवर जाऊन पडताळणी करायची असते. तशी पडताळणी करा असं लेखी मागा आणि पोच घ्या. पोच घेतलीच नाही तर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मुलामुलींना अठरा पूर्ण होण्याच्या पात्रता तारखा आता चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. बारावीच्या वर्गात एक तास दिला तर पूर्ण वर्ग उरकतो.

---

हरकतनवीस

नावं घालण्याबद्दल सगळे बोलतात, कापण्याबद्दल कुणी बोलत नाही. फॉर्म ७ ही ती खिडकी. त्याच मतदारसंघातला कोणताही मतदार दुसऱ्याच्या नावावर 'मयत', 'स्थलांतरित', 'दुबार' अशी हरकत घेऊ शकतो. त्यात गैर काही नाही, मयतांची नावं जायलाच हवीत. पण एखाद्या भागात एकगठ्ठा फॉर्म ७ पडले तर लक्ष ठेवायला माणूस हवा.

काय पाहायचं? आलेल्या हरकतींची यादी नोंदणी अधिकाऱ्याला लावावी लागते. नव्या नावांची फॉर्म ९ मध्ये, वगळण्याच्या हरकतींची फॉर्म १० मध्ये. मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावरही ती येते. दर आठवड्याला एकानं फॉर्म १० उघडून आपल्या भागांचे क्रमांक पाहायचे, वीस मिनिटांचं काम. एकाच माणसानं पाचापेक्षा जास्त हरकती घेतल्या असतील तर वरिष्ठ अधिकाऱ्यानं स्वतः पडताळणी करावी अशी आयोगाची सूचना आहे. ती बोट ठेवून दाखवा.

हयात आणि तिथेच राहणाऱ्या माणसाचं नाव नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय काढता येत नाही. लोचा होतो तो नोटिशीतच. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, किंवा 'घर बंद' असा शेरा पडतो. सुनावणी हुकते, नाव जातं. आदेश विरुद्ध गेला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही झालं तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे दुसरं.

आणि उलटं भानही ठेवा. आपल्या वस्तीतली मयतांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं आपणच काढायला लावली, तर 'बोगस' म्हणणाऱ्याच्या हातात कोलीतच उरत नाही. वस्तीतल्या काही शहाण्यांना यादी फुगलेली आवडते. फुगलेली यादी ही आपलीच अडचण, कारण टक्केवारी कमी दिसते आणि हरकतदाराला बोट दाखवायला जागा मिळते.

बिहारमध्ये २०२५ ला विशेष सखोल पुनरीक्षण (घरोघर जाऊन यादीची नव्यानं तपासणी) झालं, तेव्हा प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळली. तिथे जुन्या यादीत स्वतःचं किंवा आईवडिलांचं नाव दाखवता आलं त्यांचं काम हलकं झालं. तेव्हा आईवडिलांचा जुना भाग क्रमांक आणि अनुक्रमांक प्रत्येक घरानं आजच वहीत लिहून ठेवावा. घाबरवायला लिहीत नाही, वही स्वस्त पडते.

---

चहाटपरी

फॉर्म ६, ७, ८, ९, १०... आता पाढे म्हणायचे का? 😀

---

यादीवाचक

म्हणा. आठचा पाठ झाला तरी निम्मं काम होईल.

---

कलमकसाई

एक गोष्ट ठणकावून. मशिदीतून आवाहन करू नका.

धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा, १९८८. धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही, तिचा निधीही नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. देऊळ, चर्च, गुरुद्वारा, सगळ्यांना लागू. जुम्याच्या नमाजनंतर मौलाना साहेबांनी 'नाव तपासा' एवढंच म्हटलं तर ते राजकारण नाही, पण त्याच चटईवर उमेदवार येऊन बसला की झालं. म्हणून शिबिर शाळेत, सोसायटीच्या हॉलमध्ये, दुकानाच्या ओट्यावर घ्या. बीएलओला लेखी बोलवा.

दुसरं, धर्माच्या नावानं मत मागणं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १२३(३). २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणंही भ्रष्ट आचरणात येतं. 'कौम की आवाज' वगैरे फलक लावणाऱ्या हितचिंतकानं आपल्याच उमेदवाराची निवड धोक्यात घातलेली असते.

तिसरं, पैसे. उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर बाहेरच्यानं खर्च केला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा. ज्या ट्रस्टला आयकराची सवलत आहे त्याच्या खात्यातून तर एक रुपयाही नको. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. मतदानाच्या दिवशी उमेदवारानं रिक्षा लावून मतदार आणणं हेही भ्रष्ट आचरण आहे. 'सेवा' म्हणून खपत नाही.

---

आकडेमोड

@कलमकसाई, बारीक दुरुस्ती. कलम १२३ लोकसभा-विधानसभेला. महापालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९. निवडीला आव्हान द्यायची मुदतही वेगळी: विधानसभेला पंचेचाळीस दिवस, महापालिकेला दहाच. दहा दिवसांत वकील, कागद, प्रमाणित प्रती जमवायच्या म्हणजे निकालाच्या रात्रीच कामाला लागावं लागतं.

आता मूळ मुद्दा. पुण्यात ४१ प्रभाग, १६५ जागा. चाळीस प्रभाग चार सदस्यांचे, एक पाचाचा. एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांच्या पुढे लोकसंख्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम ११.५४ टक्के, पुणे शहरही त्याच्याच आसपास. एकसदस्यीय वॉर्डात एखादी दाट वस्ती स्वतःच्या बळावर जागा काढू शकायची. चार वॉर्ड एकत्र ओतले की तीच वस्ती पातळ होते. शिवाय प्रत्येक मतदाराला चार मतं, म्हणजे ज्याचं बहुमत त्याला चारही जागा घेता येतात.

हिशेब मांडू. समजा प्रभागात ७०,००० मतदार, मतदान ५२ टक्के, म्हणजे ३६,४००. तिरंगी-चौरंगी लढतीत जिंकायला ३८ टक्के लागली तर १३,८००. आपले मतदार १४,०००, त्यांतले निम्मे आले तर ७,०००. खूप घाम गाळून ६० टक्क्यांवर नेलं तर ८,४००. तरी ५,४०० मतं दुसऱ्या वस्त्यांतून हवीत. आणि ही सगळी एका उमेदवाराला पडली असं धरून. प्रत्यक्षात तीन उमेदवार उभे राहतात, दोन बिरादरीचे आणि एक रुसलेला.

---

गंजपेठ_कट्टा

@आकडेमोड, आकडे बरोबर, निष्कर्ष नेहमीचाच. म्हणजे पुन्हा मोठ्या पक्षांच्या मागे हात जोडून उभं राहा. तिकीट देताना 'तुमचा निवडून येत नाही', मत घेताना 'तुमच्याशिवाय आहे कोण'. स्वतःचं व्यासपीठ असल्याशिवाय कुणी मोजत नाही.

---

आकडेमोड

भाऊ, व्यासपीठ हवं, याबद्दल वाद नाही. कशाचं, हा प्रश्न. ५,४०० मतं काशेवाडीच्या दलित वस्तीतून, शेजारच्या सोसायटीतून, फळबाजारातल्या मराठा-माळी व्यापाऱ्यांकडून यायची असतील तर व्यासपीठाचं नाव आणि मागण्या त्यांनाही आपल्या वाटल्या पाहिजेत. पाण्याचा दाब धर्म बघून कमी होत नाही. पुणे कॅन्टोन्मेंट विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथे मुस्लिम उमेदवार उभाच राहू शकत नाही, पण भवानी पेठेतली मुस्लिम मतं तिथल्या गणितात धरावीच लागतात. अशा जागी 'आपला माणूस' ही भाषाच निरुपयोगी. कामाची यादी, लेखी, तारखेसह, हेच चलन.

---

गंजपेठ_कट्टा

लेखी देतं कोण? स्टेजवर मान डोलावतात आणि जातात.

---

यादीवाचक

म्हणून स्टेजवर विचारायचं ते नेमकं विचारायचं. 'अल्पसंख्याकांसाठी काय करणार?' या प्रश्नाला भाषणच मिळणार. 'विकास आराखड्यात कब्रस्तानासाठी आरक्षित असलेल्या अमुक सर्व्हे नंबरच्या जागेचं भूसंपादन कोणत्या टप्प्यावर आहे, पहिल्या अंदाजपत्रकात तरतूद मागणार का?' याला हो किंवा नाही. महापालिकेच्या उर्दू शाळेत शिक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात आधी मिळवून ठेवा आणि मग विचारा. सगळ्या उमेदवारांना बोलवा, प्रत्येकी सात मिनिटं, प्रश्न पाचच, उत्तरं मोठ्या कागदावर सगळ्यांसमोर लिहा, खाली सही. सही नाकारली तर 'नाकारली' असं लिहा. एकालाच बोलावलं तर ती प्रचारसभा ठरते आणि खर्च त्याच्या खात्यात पडतो.

आणि हे सगळं तिकीटवाटपाच्या आधी. एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र) वाटून झाल्यावर कुणीही कुणाचं ऐकत नाही.

---

दप्तर

आरक्षणाच्या जागांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. महापालिकेत निम्म्या जागा महिलांच्या, २७ टक्के इतर मागासवर्गाच्या. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी-मन्सुरी, मोमीन अशा कितीतरी मुस्लिम जाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत. म्हणजे या समाजातली बाई ओबीसी महिला जागेवर लढू शकते. लढत का नाहीत? कागद नसतात.

ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आजोबांचा शाळेचा दाखला काढला तर जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढंच. बागवानाला बागवान कुणी लिहिलंच नाही. मग जन्म-मृत्यू नोंदवही, गाव नमुना १४, जुनं खरेदीखत, व्यवसायाचा परवाना, आणि रक्ताच्या नात्यात कुणाकडे जात-वैधता प्रमाणपत्र असेल तर ते. वंशावळ शपथपत्रावर. हे काढायला वर्ष सहज जातं. पुण्यात स्थायिक झालेल्या कुटुंबांचे मूळ कागद सोलापूर, सातारा, नगरच्या तालुक्यांत असतात, तिथे खेपा घालाव्या लागतात.

अर्ज भरताना पडताळणी समितीकडे प्रकरण दाखल केल्याची पावती चालवून घेतात, पण निवडून आल्यावर मुदतीत वैधता दिली नाही तर पद जातं. तेव्हा 'आधी निवडून येऊ, मग बघू' हा जुगार खेळू नका.

दोन अपत्यांची अटही लक्षात ठेवा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर अर्ज बाद. ही अट विधानसभेला नाही, महापालिकेला आहे. छाननीच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

अनुसूचित जातीचा दाखला मात्र मिळत नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार तो हिंदू, शीख आणि बौद्धांनाच. त्यावर खटले चालू आहेत, तो वेगळा धागा होईल.

---

कोंढवेकरीण

@दप्तर, फार उपयोगी, वाचनखूण साठवली.

महिलांच्या मतदानाबद्दल माझे दोन पैसे. बुरख्यातल्या मतदाराची ओळख पटवायला महिला कर्मचारी आणि आडोशाची सोय करावी अशा आयोगाच्या सूचना आहेत. ती आहे की नाही हे मतदानाच्या सकाळी नव्हे, चार दिवस आधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी देऊन विचारायचं. केंद्रांची नावं घालून. सकाळी वाद झाला की रांगेतल्या पन्नास बायका घरी जातात आणि परत येत नाहीत.

बायकांची वेळ म्हणजे सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. सकाळची कामं उरकलेली, दुपारचा स्वयंपाक व्हायचाय. कार्यकर्ते मात्र दुपारी चारनंतर दारं वाजवतात.

आणि चार मतांचा सराव. महापालिकेच्या यंत्रावर अ, ब, क, ड अशा चार जागा, चार बटणं. एकच बटण दाबून निघाल्या की मागून हाक येते, यंत्राचा शेवटचा बीप झालेला नसतो. कुणीच नको असेल त्या जागेवर 'नोटा' दाबायचा. पुठ्ठ्यावर नकली यंत्र काढून गल्लीत दहा मिनिटं दाखवलं तरी पुरतं. त्यावर खरं चिन्ह, खरं नाव काढू नका. आंबा, छत्री, कंदील असलंही नको, ती कुणाची तरी निशाणी निघते. १, २, ३ लिहा.

---

कलमकसाई

मतदान प्रतिनिधींबद्दल जोडतो. उमेदवाराचा प्रतिनिधी केंद्रात बसतो तो हजेरी लावायला नाही. आपल्या आधी कुणी आपल्या नावावर मत देऊन गेलं असेल तर मतदारानं परत फिरायचं नाही, 'प्रदत्त मत' मागायचं. ते मतपत्रिकेवर घेतात. दुसऱ्याच्या ओळखीवर शंका असेल तर प्रतिनिधीनं दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा, आरडाओरडा करायचा नाही. आणि विधानसभेला मतदान संपल्यावर नमुना १७-क ची सहीशिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय खोली सोडायची नाही. यंत्राचा क्रमांक आणि एकूण मतं त्यावर असतात, मोजणीच्या टेबलावर तीच ताडायची. संध्याकाळी सहाला बिर्याणी आली म्हणून उठून गेलेले प्रतिनिधी अनेक आहेत.

---

नळकोंडाळे

सगळं निवडणुकीचं झालं. मधली चार वर्षं?

पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांचा अंदाजपत्रकातला सहभाग आहे. पाच लाखांपर्यंतची छोटी कामं नागरिक सुचवू शकतात: पदपथ, दिवे, ड्रेनेजची झाकणं, बसथांब्याची शेड. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात. बाणेर-औंधच्या सोसायट्या चुकत नाहीत, भवानी पेठेतून किती जातात ते तिथल्या कार्यालयात विचारून बघा. अर्ज बाद का होतात? जागा खासगी असते, 'रस्ता चांगला करा' असं मोघम लिहिलेलं असतं, किंवा काम पाच लाखांत बसत नाही. म्हणून अर्जात खांबाचा क्रमांक, घर क्रमांक ते घर क्रमांक, लांबी मीटरमध्ये, फोटो. कनिष्ठ अभियंत्याशी आधी बोलून अंदाजे खर्च घालून दिला तर तोच अर्ज वर सरकतो.

प्रभाग रचनेवरची हरकतही याच पठडीतली. रचना जनगणनेच्या प्रगणक गटांवरून (मोजणीसाठी पाडलेल्या घरांच्या छोट्या गटांवरून) होते, सरासरीपेक्षा दहा टक्के कमी-जास्त चालतं. 'आमची वस्ती तोडली' या वाक्याला सुनावणीत किंमत नाही. 'प्रगणक गट अमुक ते अमुक इकडे घेतले तर लोकसंख्या मर्यादेत राहते आणि सीमा नाल्यावरून सरळ जाते' याला आहे. नकाशा हाताशी ठेवून तीन माणसं दोन दिवस बसली तर असा अर्ज तयार होतो. दोनशे जणांच्या सह्यांचं निवेदन त्यापुढे फिकं पडतं.

हो, आणि कॅम्पातल्या मंडळींनी लक्षात घ्यावं: कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत राहणाऱ्याला महापालिकेत मत नाही. रस्त्याच्या अलीकडे महापालिका, पलीकडे बोर्ड. बोर्डाची शेवटची निवडणूक २०१५ ला झाली. अलीकडच्या अर्जाचा कागद पलीकडे चालत नाही.

---

चहाटपरी

मगाशी थट्टा केली, आता सरळ प्रश्न. आमच्या गल्लीत सात पोरं तयार आहेत. सुरुवात एका भागापासून की पूर्ण प्रभागापासून?

---

यादीवाचक

एका भागापासून. भाग क्रमांक तुमच्याच कार्डावरून किंवा १९५० या मतदार मदतक्रमांकावर विचारून मिळेल. सात जणांत दोन बहिणी घ्या, नाहीतर अर्धी दारं उघडणार नाहीत. पहिल्या रविवारी नुसतं छापील यादीवर घरं जुळवा, फॉर्म एकही भरू नका. दुसऱ्या आठवड्यात फॉर्म ८, तिसऱ्यात फॉर्म ६. गठ्ठा करून नेऊन देऊ नका, बाहेरच्यानं आणलेला गठ्ठा घेत नाहीत. पक्षाच्या बूथ पातळी प्रतिनिधीलाही दिवसाला दहाच अर्जांची मुभा असते. ज्याचा त्यानं मोबाईलवरून भरावा, पोरांनी शेजारी बसून मदत करावी. लोकांच्या आधारच्या झेरॉक्स तुमच्याकडे ठेवू नका, आणि संदर्भ क्रमांक त्या माणसाच्या कार्डाच्या पाकिटावर पेननं लिहून द्या.

---

चहाटपरी

भाग मिळाला. एकोणचाळीस पानं. छापायला टाकलीत.